शेजारचा पडका वाडा उतरवला जाणार आहे. सामाईक भिंतीबाबत आमचे हक्क कोणते?

ओसरी (सदाशिव पेठ, पुणे)

नमस्कार. आमचे घर म्हणजे एका जुन्या वाड्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग आहे. माझ्या आजेसासऱ्यांची आणि त्यांच्या धाकट्या बंधूंची वाटणी झाली तेव्हा मधली भिंत दोघांची राहिली आणि दोन्ही बाजूंच्या तुळया आजही त्याच भिंतीत बसलेल्या आहेत. पश्चिमेकडचा भाग बरीच वर्षे बंद आहे. त्याची कौले खाली आली आहेत, माडीची जमीन एका कोपऱ्यात बसली आहे, आणि भिंतीच्या माथ्यावर पिंपळ उगवून त्याची मुळे आमच्या स्वयंपाकघराच्या बाजूला फडताळापर्यंत आली आहेत. तो भाग आता एका विकसकाने घेतला असून महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दरवाजावर चिकटवलेली आहे. पावसाळ्याआधी वाडा उतरवायचा आहे, असे ठेकेदाराच्या मुकादमाने सांगितले. भिंतीचे काय, असे विचारल्यावर ‘तुमच्या भिंतीला हात लावणार नाही’ एवढेच उत्तर मिळाले. लेखी काहीही नाही.

ते पाडकाम थांबावे अशी आमची मुळीच इच्छा नाही. तो भाग आपणहून कोसळला तर पहिला धोका आम्हालाच आहे. परंतु घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यामुळे ऐनवेळी घर सोडणे आम्हाला शक्य नाही. अशा वेळी शेजाऱ्याला कायद्याने नेमके काय मागता येते, आणि ते कोणाकडे मागायचे? आमची सांडपाण्याची वाहिनी त्यांच्या चौकातून जाते, हेही सांगून ठेवते.

दिवाणी वकील, पुणे

आपण काम सुरू होण्याआधी विचारले, हे फार चांगले झाले. या विषयातले शेजाऱ्याचे जवळपास सर्व बळ पहिला घाव पडण्यापूर्वीच्या काळात असते. नंतर उरतो तो नुकसानभरपाईचा दावा, आणि असे दावे किती वर्षे चालतात ते मी रोज पाहतो.

आपला मूळ हक्क १८८२ च्या इझमेंट कायद्यात (दुसऱ्याच्या मालमत्तेवरील सोयीच्या हक्कांचा कायदा) आहे. एका इमारतीला दुसऱ्याच्या जमिनीचा किंवा त्या जमिनीवरील बांधकामाचा आधार वीस वर्षे शांतपणे, अखंडपणे आणि हक्काने मिळत आलेला असेल, तर तो आधार मिळत राहण्याचा हक्क कलम १५ नुसार पक्का होतो. आपल्या बाबतीत तर कलम १३ सुद्धा लागू पडते, कारण एकत्र मालमत्तेची वाटणी होते तेव्हा एका हिश्श्याच्या उपभोगासाठी दुसऱ्या हिश्श्यावरील जी सोय आवश्यक असते, ती वाटणीबरोबरच मिळालेली धरली जाते. आधार, सांडपाण्याची वाट, खिडकीचा उजेड या सर्व गोष्टी या दोन कलमांच्या कक्षेत येऊ शकतात. शेजारची मालमत्ता विकली गेली म्हणून हे हक्क संपत नाहीत. विकत घेणाऱ्याने ती त्या हक्कांच्या ओझ्यासकटच घेतलेली असते.

मात्र एक बाब नीट समजून घ्यावी, कारण तिथे बहुतेकांची फसगत होते. आधार काढून घेतला एवढ्यावर भरपाई मागता येत नाही. कलम ३४ प्रमाणे प्रत्यक्षात भरीव नुकसान झाल्याखेरीज तो हक्क उत्पन्नच होत नाही. त्याउलट कलम ३५ नुसार, होऊ घातलेल्या कृतीने आपला हक्क अटळपणे बाधित होणार असेल, तर नुकसान होण्यापूर्वीच मनाई हुकूम मागता येतो. म्हणून आधी काही बोलायचे नाही आणि भिंत पडल्यावर मात्र न्यायालयात धाव घ्यायची, हा क्रम कायद्याच्या दृष्टीनेही आपल्या तोट्याचा आहे.

इंग्लंडमध्ये सामाईक भिंतींसाठी १९९६ चा स्वतंत्र कायदा आहे. तिथे अशा भिंतीला हात लावण्यापूर्वी शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी सूचना द्यावीच लागते आणि वाद असेल तर सर्व्हेअर अटी ठरवून देतो. आपल्याकडे तसा कायदा नाही, आणि माझ्या मते ही मोठी उणीव आहे. आपल्याकडे आधाराचा हक्क आहे, पण सूचना मिळण्याची खात्रीची यंत्रणा नाही. त्यामुळे पहिले पत्र शेजाऱ्यानेच लिहावे लागते.

ते पत्र आपण आजच नोंदणीसह स्पीड पोस्टाने मूळ मालक, विकसक आणि ठेकेदार या तिघांना पाठवावे आणि त्याची प्रत क्षेत्रीय कार्यालय व बांधकाम विभाग यांच्याकडे देऊन पोच घ्यावी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २६४ खाली ती नोटीस निघालेली असणार. हे कलम केवळ त्या इमारतीत राहणाऱ्यांपुरते किंवा रस्त्याने जाणाऱ्यांपुरते नाही. शेजारच्या इमारतीला असलेला धोकाही त्यात स्पष्टपणे धरलेला आहे, आणि इमारत पाडण्याबरोबरच ती सुरक्षित करण्याचा किंवा दुरुस्त करण्याचा आदेशही त्याखाली देता येतो. म्हणून ‘सामाईक भिंत पाडण्याच्या आदेशातून वगळावी आणि तिला आधार देण्याची अट घालावी’ अशी मागणी आपण त्याच कलमाचा आधार घेऊन करावी. नोटिशीची व पाडकामाच्या परवानगीची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. एरवी त्यासाठी ३० दिवसांची मुदत असते, परंतु माहिती व्यक्तीच्या जीविताशी संबंधित असेल तर ती ४८ तासांत द्यावी लागते, आणि आजारी वृद्ध व्यक्ती त्या भिंतीलगत राहते हे आपल्या अर्जात स्पष्ट लिहिलेले असावे.

भिंत कोणाची, हे तोंडी परंपरेवर सोडू नका. वाटणीपत्र, मालमत्ता पत्रक आणि नगर भूमापनाचा नकाशा काढून ठेवा आणि शक्य असेल तर पाडकामापूर्वी मोजणीचा अर्ज करा, कारण हद्दीची सर्वांत विश्वसनीय खूण ती भिंतच आहे.

न्यायालयात जावे लागलेच तर धोकादायक इमारतीचे पाडकाम सरसकट थांबवा, अशी विनंती करू नये. ती सहसा मान्य होत नाही, आणि आपल्या हिताचीही नाही. टेकू दिल्याशिवाय आणि अभियंत्याच्या देखरेखीशिवाय सामाईक भिंतीलगत काम करू नये, अशी मर्यादित मागणी करावी आणि जोडीला कोर्ट कमिशनर नेमून भिंतीची सद्यःस्थिती नोंदवून घेण्याचा अर्ज द्यावा. महापालिकेलाही प्रतिवादी करायचे असेल तर आधी नोटीस देऊन सर्वसाधारणपणे एक महिना थांबावे लागते, तेवढा काळ हाताशी ठेवा.

गुण्या (स्थापत्य अभियंता)

वकीलसाहेबांनी हक्क सांगितले. ती भिंत प्रत्यक्षात कशी पडते ते मी सांगतो, म्हणजे पत्रात नेमके काय मागायचे ते आपल्याला कळेल.

पेठांमधल्या वाड्यांत तळमजल्याची भिंत विटांची आणि मातीच्या सांध्यांची असते. ती जाड असते, त्यामुळे भक्कम वाटते. परंतु मातीतल्या भिंतीचे स्थैर्य तिच्या जाडीइतकेच तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या तुळयांवर आणि काटकोनात येऊन मिळणाऱ्या आडव्या भिंतींवर अवलंबून असते. वाडा उतरवणाऱ्या ठेकेदाराचे उत्पन्न मात्र सागवानात असते. जुन्या सागाला भाव असल्यामुळे तो आधी छताचे वासे काढतो, मग तुळया उपसतो, आणि भिंती शेवटी एकदम ढकलून देतो. म्हणजे आडव्या तुळया निघून गेलेल्या, माथ्यावर कौले नाहीत, टेकू नाही, अशा अवस्थेत उंच भिंत कित्येक दिवस नुसती उभी राहते. आयएस ४१३० या पाडकामाच्या सुरक्षा संहितेत नेमके याच्या उलट सांगितलेले आहे. काम वरून खाली, मजल्यामागून मजला असे व्हावे, कोणतीही भिंत निराधार उभी ठेवू नये, राडारोडा मजल्यावर साचू देऊ नये, आणि काम सुरू होण्यापूर्वीच शेजारच्या इमारतीची तपासणी करून गरज असेल तिथे टेकू द्यावेत, ही त्या संहितेची मूलभूत शिस्त आहे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या सातव्या भागातही हीच शिस्त आहे.

आपल्या घरासाठी मी पुढील गोष्टी आग्रहाने मागितल्या असत्या. तिरके टेकू तुळया काढण्यापूर्वी बसलेले असावेत. तुळईचे टोक भिंतीतून उपसू नये. तुळई भिंतीलगत करवतीने कापावी आणि आत राहिलेला तुकडा पुढे सावकाश काढून ती पोकळी लगेच विटांनी घट्ट भरावी. तुळई हलवून हलवून ओढली की आतली माती मोकळी होते आणि त्याच ओळीतल्या आपल्या तुळईखालची बैठकही ढिली होते. काटकोनातल्या भिंती मुळापासून तोडण्याऐवजी सामाईक भिंतीला लागून त्यांचे दोन-तीन फुटांचे तुकडे शिल्लक ठेवावेत, कारण ते भिंतीला धिरा देतात. सामाईक भिंतीजवळचा पट्टा पूर्णपणे हाताने उतरवावा, तिथे पोकलेन किंवा ब्रेकर लावू नये. दगडी जोत्यावर ब्रेकर चालला की त्याचा हादरा थेट आपल्या घराच्या पायात येतो. जर्मनीच्या डीआयएन ४१५० या मानकात नाजूक जुन्या इमारतींसाठी कमी वारंवारतेच्या कंपनांची मर्यादा सेकंदाला ३ मिलिमीटर इतकी कमी धरली आहे, यावरून या प्रकारच्या बांधकामाला किती जपावे लागते ते लक्षात येईल.

पिंपळाबद्दल स्वतंत्रपणे सांगतो. तो ओढून काढू देऊ नका. मुळे भिंतीच्या गाभ्यात गेलेली असतात आणि झाड ओढले की त्यांच्याबरोबर विटांचे थर बाहेर येतात. खोड कापून, मुळे जागीच मारून, भिंतीला टेकू मिळाल्यानंतरच तो भाग उकलून पुन्हा बांधावा.

जुन्या वाड्यांत जमिनीखाली बळद (धान्य साठवण्याची जागा) किंवा बुजवलेला आड असण्याचा संभव असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याची जागा आठवत असेल तर ती कागदावर काढून ठेकेदाराला द्या. अशा पोकळीवरून जड यंत्र गेले तर जमीन खचते आणि लगतचा पायाही हलतो.

पाडकाम संपल्यावर लोक निर्धास्त होतात. माझ्या अनुभवात खरा धोका त्यानंतरच्या दोन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट पाऊस. आजवर घराच्या आत असलेली बाजू एकाएकी उघड्यावर येते. तिच्यावर जुना मातीचा गिलावा असतो आणि जूनच्या पहिल्या जोरदार सरींतच सांध्यांतली माती धुऊन जाऊ लागते. म्हणून भिंत उघडी पडताच माथ्यावर पत्र्याची पन्हळ आणि बाजूला पत्रे किंवा ताडपत्री घट्ट बांधून हवी, आणि पाणी भिंतीच्या पायाशी न साचता बाहेर जायला हवे. मातीच्या भिंतीवर घाईघाईने जाड सिमेंटचा गिलावा करू देऊ नका. तो काही काळाने पापुद्र्यासारखा सुटतो आणि तोवर आतली ओल अडवून ठेवतो. चुन्याचा गिलावा अधिक योग्य ठरतो. दुसरी गोष्ट खोदाई. नव्या इमारतीच्या वाहनतळासाठी आपल्या पायापेक्षा खोल खड्डा घेतला जातो. तो पावसाळ्यात, भिंतीला लागून, एका दमात घेतला गेला तर वरचे टेकू कितीही चांगले असले तरी निरुपयोगी ठरतात. खोदाई भिंतीपासून अंतर राखून आणि लहान लहान टप्प्यांत व्हावी, प्रत्येक टप्पा बांधून झाल्याशिवाय पुढचा उघडू नये, आणि त्यासाठी स्वतंत्र आराखडा आधीच मिळावा, हे करारात लिहून घ्या.

शेवटी पुराव्याविषयी. काम सुरू होण्यापूर्वी स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून प्रत्येक खोलीचा अहवाल करून घ्या आणि शक्यतो विकसकाच्या अभियंत्याचीही त्यावर सही घ्या. जिथे तडा आहे तिथे त्याच्यावर आडवी पातळ काचपट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा आणि शेजारी भिंतीवर तारीख लिहा. तडा जरा हलला तरी काच तडकते, आणि तो तडा जुना की नवा याबद्दल वाद घालायला जागा राहत नाही.

माजघर (नाशिक)

आमच्या शेजारचा वाडा उतरवला गेला तेव्हा भिंत टिकली, पण सांडपाण्याची वाहिनी फुटली. चौकातला राडारोडा तिच्यावरच रचला होता आणि वाहिनी कुठून जाते हे यंत्र चालवणाऱ्याला कोणी सांगितलेच नव्हते. आमच्या मोरीचे पाणी बरेच दिवस भिंतीच्या पायाशीच मुरत राहिले आणि मोरीलगतची फरशी खचल्यावर ते आमच्या लक्षात आले. ताई, आपली वाहिनी चौकातून जाते असे आपण शेवटी सहज लिहिले आहे, परंतु तो विषय पत्रात पहिल्या परिच्छेदात यायला हवा. काम सुरू होण्यापूर्वी पर्यायी वाहिनी त्यांच्या खर्चाने टाकून मिळावी आणि ती चालू झाल्यावरच जुनी बंद करावी, असे मागा. महावितरणच्या तारा आणि नळाची जोडणी कुठून येते तेही एकदा पाहून घ्या.

धुळीचा त्रास आजारी माणसाला सर्वांत जास्त होतो. पाडकामाच्या जागी पाणी मारणे, जागा झाकणे आणि राडारोडा झाकून नेणे यासाठी केंद्र सरकारचे २०१८ चे नियम आहेत. राडारोड्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे दिवसाला २० टनांहून किंवा महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा निघत असेल तर त्याची विल्हेवाट कशी लावणार याचा आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागत असे; त्या नियमांची जागा आता २०२५ च्या नियमांनी घेतली आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवता येत नाहीत, आणि ही तक्रार पोलिसांकडे करता येते. आमच्याकडे या एका तक्रारीची दखल त्याच दिवशी घेतली गेली.

ओसरी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पत्रे पाठवली आणि त्यानंतर विकसकाच्या कार्यालयातून बोलावणे आले. भिंतीचे छायाचित्रण, टेकू आणि नवी वाहिनी यांना त्यांनी होकार दिला आहे. सासूबाईंनी आडाची जागा नेमकी सांगितली. तो आमच्या भिंतीपासून चार हातांवर त्यांच्या चौकात बुजवलेला आहे, आणि हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते.

परंतु दोन मुद्द्यांवर ते अडून बसले आहेत. पाडकाम ठेकेदाराला दिले असल्यामुळे नुकसान झाल्यास जबाबदारी ठेकेदाराची, आमची नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. खोदाईचा आराखडा ‘नंतर पाहू’ असेही ते म्हणतात. ठेकेदार दुसऱ्या गावचा आहे, आणि काम संपल्यावर त्याला आम्ही कुठे शोधायचे हा प्रश्न आहे.

दिवाणी वकील, पुणे

पहिल्या मुद्द्यावर आपण तसूभरही मागे हटू नये. हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच न्यायालयापुढे आलेला आहे. १८७६ च्या बोवर विरुद्ध पीट या इंग्लंडमधील खटल्यात शेजाऱ्याने आपले घर पाडून पाया खोदण्याचे काम ठेकेदाराला दिले होते आणि लगतच्या घराला आधार देण्याची जबाबदारीही करारात ठेकेदारावरच टाकली होती. आधार अपुरा पडला, घराचे नुकसान झाले, आणि न्यायालयाने काम देणाऱ्या मालकालाच जबाबदार धरले. ज्या कामातून शेजाऱ्याला धोका उत्पन्न होणार हे उघड आहे, त्यात काळजी घेण्याचे कर्तव्य दुसऱ्यावर सोपवून मालकाला मोकळे होता येत नाही, हे त्या निकालाचे सार आहे. ठेकेदाराकडून वसुली करायची असेल तर ती विकसकाने करावी, तो त्या दोघांमधला व्यवहार आहे. याखेरीज, पाडकाम करताना इमारतीचा भाग कोसळून माणसाच्या जिवाला संभवणारा धोका टाळण्याची पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. पत्रात त्या कलमाचा एका वाक्यात उल्लेख पुरे, धमकीची भाषा नको.

विमा आहे असे सांगितले तर पॉलिसीची प्रत मागून वाचावी. कंत्राटदारांच्या सर्व-जोखीम पॉलिसीत तिसऱ्या पक्षाचे नुकसान धरलेले असते, परंतु हादऱ्यांमुळे किंवा आधार काढल्यामुळे झालेले नुकसान मूळ पॉलिसीत सहसा वगळलेले असते आणि त्यासाठी जादा हप्ता भरून वेगळी जोड घ्यावी लागते. आपल्याला नेमकी तीच जोड हवी आहे.

खोदाईबाबत एक मधला मार्ग सुचवतो. आराखडा आज तयार नसेल तर करारात एवढेच लिहून घ्यावे की तो आपल्या अभियंत्याला दिल्यापासून पंधरा दिवस होईपर्यंत सामाईक भिंतीपासून ठरलेल्या अंतराच्या आत खोदाई सुरू होणार नाही. यात त्यांचे पाडकाम अडत नाही आणि आपला हक्कही शाबूत राहतो. अंतर किती हवे ते आपल्या अभियंत्याने पाया उघडून पाहिल्यावर ठरवावे. यालाही ते तयार नसतील, तर कलम ३५ खालच्या दाव्यासाठी तो नकारच आपला पुरावा होईल. म्हणून तो लेखी मिळेल असे पाहा, निदान त्या भेटीचा वृत्तान्त त्याच दिवशी ईमेलने त्यांना कळवून ठेवा.

छायाचित्रांच्या मूळ फाइल ज्या फोनमध्ये काढल्या त्यातच राहू द्या, कारण न्यायालयात त्या दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. करारनामा ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा. त्यावर विकसकाबरोबर मूळ मालकाचीही सही घ्या, कारण अजून खरेदीखत झाले नसेल आणि केवळ विकसन करार झालेला असेल तर जमिनीचा मालक आजही तोच आहे. मालमत्ता पत्रकावर कोणाचे नाव आहे ते उद्याच पाहून घ्यावे.